आठव्या दिवसाचा पिवळा

जखमेकर हे त्याचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव वीजबिलावर आणि लेकीच्या लग्नपत्रिकेवर तेवढं उरलं होतं. चाळीस वर्षं थरारपटांसाठी जखमा करत आलेल्या ह्या माणसाला स्टुडिओतल्या कुणा टवाळाने ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की ‘अहो जखमेकर’ म्हणून हाक मारायची. त्याच्या हातून किती गळे चिरले गेले, किती कवट्या फुटल्या, किती जणांची आतडी बाहेर आली, ह्याला गणती नाही. आणि हाच माणूस घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून बायकोला बोलवायचा. रांगेत कुणी पुढे घुसलं तर हा आणखी एक पाऊल मागे सरायचा, वर ‘या, या’ म्हणायचा.

स्टुडिओच्या मागच्या अंगाला त्याची लांबट खोली होती. फळ्यांवर मुंडकी मांडलेली, काहींची तोंडं उघडी, काहींची मिटलेली. खिळ्यांना हात लटकवलेले, कुठला मनगटापासून तोडलेला, कुठला कोपरापासून. एका बरणीत काचेचे डोळे. कोपऱ्यात रक्ताची बादली. साखरेचा पाक, तांबडा रंग आणि तो फार भडक दिसू नये म्हणून चिमूटभर कोकोची पूड, असं ते रक्त. त्याच्या प्रेतांना खऱ्या मुंग्या लागायच्या, आणि दिग्दर्शक त्याबद्दल त्याची पाठ थोपटायचे.

गोष्ट न ऐकता नुसती जखम बघून तो सिनेमाची जात सांगायचा. ‘खून कुणी केला’ जातीचा असेल तर जखम एकच, लहान, नीटनेटकी. छातीत भोक आणि गालिच्यावर बशीएवढा डाग. कारण तिथे बाकीच्या सगळ्यांना खूप बोलायचं असतं, प्रेताने मध्ये मध्ये करायचं नसतं. पाठलागाच्या सिनेमात कोपरं आणि गुडघे सोलायचे. मनातल्या भीतीच्या सिनेमात स्वतःच्याच नखांचे ओरखडे, आणि ते सगळ्यात अवघड, कारण ओरखडा कुठल्या हाताने ओढला हे त्याच्या दिशेवरून कळतं. सूडाच्या सिनेमाला बादली पुरत नाही. तिथे नायकाच्या खांद्यात गोळी शिरते आणि मध्यंतरानंतर तोच खांदा लावून तो दार फोडतो. ह्या खांद्यावर जखमेकरचा फार राग होता. त्याचं म्हणणं, माणूस मारायचा तर मारा, पण दिवस चुकवू नका.

कारण दिवस हेच त्याचं काम होतं. चित्रीकरण काही गोष्टीच्या क्रमाने होत नाही. सकाळी शेवटचा प्रसंग घेतात, दुपारी पहिला. सकाळी बरा झालेला गाल दुपारी पुन्हा फोडावा लागतो. म्हणून नट समोर येऊन बसला की हा नाव विचारायचा नाही, गाव विचारायचा नाही. एकच विचारायचा, “कितव्या दिवसाची?” म्हणजे गोष्टीत ही जखम होऊन किती दिवस झाले. उत्तर मिळालं की वही उघडायची.

ती वही हा त्याचा प्राण होता. तरुणपणी त्याने स्वतःच्या डाव्या मांडीवर लाकडी हातोड्याने पाच घाव घालून घेतले होते, आणि रोज सकाळी खिडकीशी बसून तिथला रंग कागदावर उतरवला होता. पहिला दिवस, लाल आणि गरम. दुसरा, जांभळा, कडेने निळा. पाचवा, हिरवट. आठवा, पिवळा. बारावा, चहाच्या डागासारखा. चौदावा, काही नाही. तेव्हा नवी नवरी असलेली बायको दारातून बघत होती, आणि आपण कुणाच्या गळ्यात माळ घातली हे तिला त्या दिवशी कळलं, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. मग त्याने इस्त्रीने हात भाजून घेतला, जिन्यावर गुडघा खरवडला, दरवाजात बोट चेमटवलं. सगळं रंगासकट वहीत. फक्त दुखण्याला त्या वहीत रकाना नव्हता. दुखणं पडद्यावर दिसत नाही, मग लिहायचं कशाला?

त्याला एकच लेक. ती ह्या मुंडक्यांमध्येच वाढली. दहा वर्षांची असताना शाळा चुकवायला तिने त्याच्या डब्यातले रंग चोरून गुडघ्यावर जखम केली. आई किंचाळली. बापाने चष्मा वर केला आणि म्हणाला, खपली जुनी नि रक्त ताजं, कितव्या दिवसाची ते आधी ठरव. तिथून बापलेकीचा खेळच सुरू झाला. ती कधी कपाळ फोडून यायची, कधी बोट कापून, आणि तो एका नजरेत चूक काढायचा. चूक सापडली की दोघं पोट धरून हसायचे. आईला मात्र हे लांडगा आला रे आला मुळीच पसंत नव्हतं. एक दिवस खरंच लागेल आणि तुम्ही दोघं दात काढत बसाल, असं ती एकदा चिडून बोलली होती. आया असं पुष्कळ बोलतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

जावई चष्म्याच्या दुकानाचा मालक. आवाज खालचा, रुमाल चौपदरी, मोठं माणूस खोलीत आलं की उठून उभा राहणारा. लग्न ठरायच्या आधी सगळे मिळून जखमेकरचा एक सिनेमा बघायला गेले. पहिल्याच सुऱ्याला जावयाचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो बाहेर जाऊन पाणी पीत बसला. झालं, सासूबाई तिथेच विरघळल्या. रक्त बघवत नाही बिचाऱ्याला, आपल्या घरात एक तरी माणूस असा हवाच होता, असं म्हणून त्यांनी होकार पक्का केला. पुढची चार वर्षं तो जखमेकरच्या खोलीत एकदाही शिरला नाही. बायकोला सोडायला आला तर उंबऱ्याशी पाठ करून उभा राहायचा. सगळ्यांना त्याचं कौतुक. गोगलगाय नि पोटात पाय ही म्हण त्या घरात कुणाला आठवली नाही, जखमेकरला तर नाहीच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या वर्षी जखमेकर ज्या सिनेमावर होता त्याचा दिग्दर्शक नखं खाणारा, किडकिडीत माणूस होता, पण डोक्याने तल्लख. गोष्ट एका बाईची. ती पोलिसांना स्वतःची हकिगत सांगते, आणि सगळा सिनेमा तिच्या तोंडून चालतो. पण ती खोटं सांगते आहे, घाबरून. दिग्दर्शकाने जखमेकरला समजावलं की बाईच्या तोंडून प्रेक्षकाला फसवायचं, मात्र खरं लपवायचं नाही, ते तिच्या गालावर सगळ्यांसमोर ठेवायचं. बाई म्हणणार ‘कालची आहे, पडले’, आणि गाल म्हणणार आठवा दिवस. बाकी चकवे हवे तेवढे पेरा, संशयी शेजारी म्हणा, गायब झालेली चावी म्हणा, पण खरी खूण ती एकच.

जखमेकरने विचारलं, हे कळणार कुणाला? शंभरातल्या एकाला, दिग्दर्शक म्हणाला. नव्याण्णव जण शेवटी दचकतील. दचकवणं सोपं, मागून भांडं पाडलं तरी माणूस दचकतो. पण त्या एकाला पहिल्या पाच मिनिटांत कळेल, आणि मग पुढचे दोन तास तो बाईसाठी जीव मुठीत धरून बसेल. थरार म्हणजे तोच.

जखमेकरला हे इतकं आवडलं की रविवारी लेक-जावई जेवायला आले तेव्हा त्याने ते साग्रसंगीत सांगितलं. कालची म्हणते आणि आठव्या दिवसाचा पिवळा, काय डोकं आहे बघा! लेकीने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “आणि त्या एकाला कळलं, तर तो काय करतो, बाबा?”

“काय करणार? तिकीट काढून बसलेला माणूस. बघत बसतो,” जखमेकर म्हणाला आणि स्वतःच हसला.

जावईही हसला. मग त्याने हात जोडून विनंती केली की जेवताना तरी रक्ताचं बोलणं नको.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी गळा चिरण्याचा प्रसंग होता. नटाच्या मानेवर खोट्या कातडीखाली नळी, नळीचं दुसरं टोक जखमेकरच्या हातातल्या रबरी फुग्याला. सुरा फिरला, त्याने फुगा दाबला, आणि रक्ताची चिळकांडी समोरच्या भिंतीवर छतापर्यंत गेली. नट घशातून घरघर करत गुडघ्यांवर आला, हातांनी मान आवळत पालथा पडला, टाचा घासत राहिला. सगळे आपापल्या जागी खांबासारखे उभे. समोर काहीही चालू असो, ‘कट’ ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, शिंकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. कट झाला, नट उठून चहा मागू लागला. भिंत पुसून हे सगळं आणखी दोनदा झालं. जखमेकरचा डगला छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल होऊन गेला.

तसाच तो खोलीत आला आणि हातातला कापसाचा बोळा टाकतो तोवर लेक दारात. मागे जावई, नेहमीसारखा बाहेर तोंड करून उभा. दोन मिनिटंच हं, दुकान उघडायचंय, असं तो रस्त्याकडे बघत म्हणाला. लेक आत आली. आईची कात्री परत द्यायची आहे म्हणून तिने एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. मग गळ्याभोवतीचा मफलर सैल केला आणि जबडा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. कानाखालून मानेपर्यंत तळहाताएवढा डाग होता.

“बाबा, हे बघा. कालची आहे. न्हाणीघरात पाय घसरला.”

जखमेकरने उजव्या हाताचा अंगठा तिच्या जबड्यावरून फिरवला. एवढी मोठी होऊनही पोरगी खेळ विसरली नाही, ह्याचा त्याला इतका आनंद झाला की तो खदखदून हसला.

“फसलीस,” तो म्हणाला, “कालची म्हणतेस आणि आठव्या दिवसाचा पिवळा? माझंच कोडं मला घालतेस होय?”

लेक हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने ओठ हसल्यासारखे केले. दारातली पाठ वळली. काय म्हणाले बाबा, असं विचारत जावई आत आला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तो उंबरा ओलांडला होता. मुंडक्यांच्या फळीखाली उभं राहून त्याने बायकोचा मफलर नीट गुंडाळला आणि तिचं कोपर धरलं. अरे वा जावईबापू, भीड चेपली म्हणायची, असं जखमेकर कौतुकाने म्हणाला. जावई शालीनपणे हसला. दोघं गेले.

जखमेकर हात धुवायला बसला. पाणी लाल वाहिलं, गुलाबी झालं, स्वच्छ झालं. सवयीने तो अंगठ्यावरचा पिवळा शोधू लागला. हे रंग तेलकट असतात, बोट लागलं की उचलून घेतात, साबणाशिवाय निघत नाहीत. त्याने अंगठा उजेडात धरला. पिवळ्याचा लवलेश नाही. त्याने डबा उघडून बघितलं; सिनेमातल्या बाईच्या गालाचे प्रसंग अजून व्हायचे होते, आणि पिवळ्या रंगाच्या झाकणावरची धूळसुद्धा जागची हलली नव्हती. मग त्याने पिशवी उघडली. तिच्यात कात्री नव्हती. लेकीच्या घराची चावी होती.

उभ्या जगाच्या जखमा वाचणारा हा माणूस, काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या डागात पिवळा होता, त्याच्या आत जांभळा होता, आणि मानेपाशी लाल. म्हणजे तीन वेगळे दिवस. नवरा दारात उभा असताना तिला जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं तिने सांगितलं होतं, बापाला कळेल अशाच भाषेत. आणि बापाला कळलंही होतं. शंभरातला एक तो स्वतः होता. कळून तो हसला होता, आणि वर त्याने मोठ्याने उत्तरही सांगून टाकलं होतं, नेमकं ज्याच्या कानावर जाऊ नये त्याच्या कानावर.

तो तसाच धावत सुटला. अंगात लाल डगला, पायांत स्टुडिओतल्या सपाता. रस्त्यात लोक बाजूला व्हायचे, एक बाई भिंतीला चिकटली. सहा गल्ल्या आणि तीन मजले. साठीचा माणूस, छातीचा भाता झालेला. चावी कुलपाला लावताना दोनदा खाली पडली.

जावयाने घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं होतं. बाह्या दोन घड्या घालून वर केल्या होत्या. डाव्या हाताने त्याने मफलरचा बोळा लेकीच्या तोंडात कोंबून धरला होता आणि उजव्या मुठीने तो तिला मारत होता, पोटात, बरगड्यांत, कपड्यांआड झाकेल अशा जागी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण बोलण्यात सहज म्हणतो. जखमेकरने तो त्या दिवशी डोळ्यांनी बघितला. सिनेमात ठोसा ढब्ब वाजतो. हा वाजत नव्हता. प्रत्येक ठोशाला एक शब्द मात्र होता, खालच्या सभ्य आवाजातला. आठव्या. दिवसाचा. पिवळा. मग त्याने तिचं डोकं धरून ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

आणि जखमेकर दारात उभा राहिला. नुसता उभा. हे सांगायला मला लाज वाटते, त्याला तर मरेपर्यंत वाटली. चाळीस वर्षं त्याने असेच प्रसंग असेच उभे राहून बघितले होते. त्याचं अंग कुणीतरी कट म्हणायची वाट बघत होतं. एक ठोसा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. खोलीत चौथं माणूस नव्हतं. मग त्याला कळलं की इथे कट म्हणणारं कुणी नाही.

“कट,” तो म्हणाला. मग ओरडला, “कट! कट!”

जावई वळला, कारण असं काही ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तेवढ्यात झुरळाला भिणारा तो म्हातारा डोकं खाली घालून त्याच्या पोटावर जाऊन आदळला. जावयाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, पुढचा दात मोडून जिभेवर आला. त्याने त्याच तोंडाने जावयाच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि सोडला नाही. जावई त्याच्या टाळक्यात मारत राहिला. मग लेकीने तोंडातला बोळा ओढून काढला, ओट्यावरचं जड पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हाणलं. तो गुडघ्यावर आला. बापलेक एकमेकांना धरून जिना उतरले.

पोलीस ठाण्यातल्या अधिकारी बाईंनी आधी जखमेकरकडे बघितलं आणि शिपायाला दवाखान्यात फोन करायला सांगितलं. मग त्यांना मुंग्या दिसल्या. डगल्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. हे रक्त नाही, पाक आहे, असं जखमेकरला तुटक्या दातातून सांगावं लागलं, आणि आपण काय करतो तेही. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेवढ्यात जावई आला. इस्त्रीचा सदरा, मनगटाला पांढरा रुमाल. त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

तो शांतपणे बोलला. म्हणाला, ही मंडळी माझीच आहेत, मला तक्रार करायची नाही. पण सासऱ्यांचा धंदाच हा आहे. लहानपणापासून बापलेकीचा हा खेळ आहे, आईलासुद्धा ती रंगवलेल्या जखमा दाखवून घाबरवायची, तुम्ही घरी विचारा. त्यांची बोटं बघा, नखांत अजून रंग आहे. मी तर रक्त बघूही शकत नाही, बाई.

ह्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, शेवटचा सोडून. जखमेकरकडे वही होती, रंगांवरून दिवस सांगता आले असते, पण ती वही आता त्याच्याच विरुद्ध साक्ष देणार होती. चाळीस वर्षं खोटं इतकं खरं करून दाखवलं की आता लेकीचं खरं कुणी खरं मानेना.

अधिकारी बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, रंग असेल तर पुसला जाईल. जखमेकरच्या डगल्याच्या खिशात स्पिरिटची बाटली आणि कापूस असायचाच. त्याने बोळा भिजवला, लेकीच्या जबड्याजवळ नेला, आणि त्याचा हात पुढे जाईना. तिथे स्पिरिट लावून घासलं तर काय होईल हे त्याला माहीत होतं, म्हणजे रंगाचं काय होईल ते. कातडीचं काय होईल ह्याचा विचार त्याने आयुष्यात पहिल्यांदा केला.

लेकीने त्याच्या हातातून बोळा काढून घेतला. आधी तिने जबडा घासला, वरखाली, जोर लावून, भांडं घासावं तसा. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तोंडातून आवाज आला नाही. आवाज न करायची तिला सवय होती. पिवळा तसाच राहिला, जांभळा तसाच राहिला. मग तिने तो भुवईवर दाबला. सुकत आलेली जखम उघडली आणि ताजं रक्त गालावरून, हनुवटीवरून बाईंच्या टेबलावरच्या कागदांवर टपटप पडलं. शिपायाने मान फिरवली. अधिकारी बाईंनीसुद्धा क्षणभर डोळे मिटले.

जखमेकर लेकीकडे बघत नव्हता. त्याला ते बघवेना, म्हणून तो समोर बघत होता, आणि समोर जावई होता. जावई त्या रक्ताकडे टक लावून बघत होता. पापणी लवत नव्हती.

“जावईबापू,” जखमेकर हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला रक्त बघवत नाही ना?”

सगळ्यांची डोकी तिकडे वळली. मग जावयाने रुमाल तोंडावर धरला आणि मान फिरवली. पण ते उशिरा केलेलं होतं. जखमेकरच्या धंद्यातल्या कुणालाही ते कळलं असतं, आणि बाईंना धंद्यात नसूनही कळलं. त्यांनी रक्त पडलेला कागद बाजूला केला आणि दुसरा पुढे ओढला. जावयाला उठू नका म्हणून सांगितलं. मग लेकीला विचारलं, कधीपासून?

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की रंगावरून नेमका दिवस सांगता येत नाही, पण ह्या सगळ्या जखमा एका वेळच्या नाहीत, एका पडण्याने झालेल्या तर नाहीतच. दोन बरगड्यांना तडा होता, एक जुना आणि एक नवा. खटला उभा राहिला आणि चालू राहिला. जावयाचं चष्म्याचं दुकान त्याचा भाऊ बघू लागला, आणि शेजारपाजारचे बरेच दिवस म्हणत राहिले की इतका सज्जन माणूस, आवाजसुद्धा कधी चढला नाही.

लेक माहेरी आली. आईने तिला आपल्या खोलीत झोपवलं आणि जखमेकरशी पाच दिवस बोलली नाही. लेक बोलायची, पण कामापुरतं. खटल्याची तारीख, औषधाची वेळ. मंगळवारच्या त्या दोन मिनिटांबद्दल दोघांनीही अळीमिळी गुपचिळी धरली होती. जखमेकर रोज सकाळी मनात वाक्य जुळवायचा आणि चहाबरोबर गिळून टाकायचा. आपल्याला माफी मिळावी हे त्याला इतकं हवं होतं की मागायची भीती वाटत होती.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात बसला असताना ती आली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर उभी राहिली. भुवईवर टाके होते. डोळ्याखाली जो काळानिळा होता तो आता उतरणीला लागला होता.

“कितव्या दिवसाची?” तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. त्याला सांगता येत होतं, त्याने एकेक दिवस मोजला होता.

“आठव्या,” तीच म्हणाली. “तेव्हाही ओळखलंत. ओळखलंत आणि हसलात.”

“हो,” जखमेकर म्हणाला. एवढं एकच अक्षर त्याच्याकडे होतं. मग तो लहान पोरासारखा रडू लागला, मोडका दात दिसेल एवढं तोंड उघडून. लेक त्याच्याकडे बघत राहिली. ती जवळ गेली नाही आणि निघूनही गेली नाही. मग तिने खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसली, त्याचा उजवा हात धरला आणि अंगठा स्वतःच्या डोळ्याखाली त्या पिवळ्यावर ठेवला. तो हात मागे घेऊ लागला, पण तिने घेऊ दिला नाही.

“दुखतं का गं?” त्याने विचारलं.

“दुखतं,” ती म्हणाली.

तो सिनेमा पूर्ण झाला. पिवळा त्यानेच लावला, आणि दिग्दर्शकाच्या मते तो आजवरचा सगळ्यात खरा होता. जखमेकर अजून त्याच लांबट खोलीत बसतो, फळीवर तीच मुंडकी आहेत. पण नटी समोर येऊन बसली की कितव्या दिवसाची हे विचारायच्या आधी तो तिच्या कोऱ्या, निरोगी गालाला अंगठा लावतो आणि विचारतो, दुखतं का? नव्या नट्यांना वाटतं म्हातारा थट्टा करतोय, आणि त्या हसतात. तो हसत नाही. त्या नाही म्हणेपर्यंत तो रंगाचा डबा उघडत नाही.